लंडनची गाडी बिफोर टाइम

मुखेडच्या बसस्थानकात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यामुळे आनंदराजांचा छापील वेळेवर काडीचाही विश्वास उरला नव्हता. लेकीचं, धम्मप्रियाचं तिकीट मोबाइलवर आलं तसा त्यांनी कागद ओढून हिशेब मांडला. लंडनहून रात्री साडेनऊला सुटणार, हैदराबादला सकाळी सव्वाअकराला. अंतर पावणेआठ हजार किलोमीटर, वेग ताशी साडेआठशे.

"नऊ तासाचा रस्ता अन् पावणेचौदा दाखवून राहिले!" ते बायकोवर कडाडले. "साडेचार तासाची ढील दिली ड्रायवरला! मी बी उदगीर गाडीला ठेवतच होतो की. पावणेसातलाच लागती गाडी, लिहून घे!"

"आवो, इमान चहाला कुठं थांबंल?" सुमनबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर लवकर येती!"

हा हट्ट उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी लेक शिकायला निघाली तेव्हा आनंदराज महालक्ष्मीच्या सणाच्या जादा गाड्या सोडण्यात अडकले आणि तिला निरोप द्यायचं राहून गेलं. ते त्यांना फार लागलं होतं. आता निवृत्त झाल्यावर तरी, बाहेर पडणाऱ्या लेकीला पहिलं तोंड बापाचंच दिसायला हवं होतं.

शेजारच्या शरणप्पाच्या जीपने रातोरात निघून तिघं पहाटे सहालाच हैदराबादच्या विमानतळावर हजर! आनंदराज हार घेऊन कठड्याला चिकटले. सात वाजले, आठ वाजले. दुबईवाले आले, मस्कतवाले आले. हारातली फुलं माना टाकू लागली. वेळ बघून बघून मोबाइलची बॅटरीही संपली. शेवटी दहाला ते चौकशीच्या खिडकीवर धडकले.

"मॅडम, लंडन गाडी किधर तक आयी? तीन घंटे लेट है!"

"लेट नहीं अंकल. लंडन की घडी अपने से साढेचार घंटे पीछे चलती."

आनंदराज चाट पडले. साडेचारचा आकडा बरोब्बर जुळत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी छापील वेळेपुढे मान तुकवली.

"सव्वाअकरा म्हंजे सव्वाअकराच," ते परत येऊन बायकोला म्हणाले. "वर पेट्या अन् शिक्क्याला तासभर. तवर पडतो जरा."

पार्किंगपलीकडच्या एका बाकावर त्यांना गाढ झोप लागली. बाराला तोंड धुऊन, भांग पाडून, नवा हार घेऊन ते ऐटीत परतले, आणि जागीच थिजले. धम्मप्रिया सामानाच्या गाडीवर बसून आईच्या हातचं धपाटं खात होती. शरणप्पा तिचे फोटो काढत होता.

"पप्पा, कुठं होतात? फोनबी बंद! वारं पाठीवर होतं, इमान चाळीस मिनिटं आधीच उतरलं. अर्धा तास झाला, तुम्हालाच हुडकून राहिले."

आनंदराजांचा चेहरा पडला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. पहाटेपासूनची सगळी हकिगत सुमनबाईंनी लेकीला दोन वाक्यांत सांगितली.

धम्मप्रियाने धपाटं आईच्या हातात दिलं, सामानाची गाडी वळवली आणि ती ज्या दारातून बाहेर आली त्याच दाराकडे थेट चालू लागली.

"अगं, कुठं चालली?" आनंदराजांनी विचारलं.

"परत पहिल्यापासून बाहेर येते. तुम्ही कठड्याजवळ उभं ऱ्हा, पप्पा!"

आनंदराज धावतच कठड्याशी गेले.

"शरणप्पा, तू तिकडं तोंड कर!" सुमनबाईंनी दटावलं, आणि त्या स्वतःही पाठ फिरवून उभ्या राहिल्या.