चौघे जमल्याशिवाय

आमच्या रुग्णालयात व्यसनी रुग्णाला डॉक्टर एक सांगतात, सिस्टर दुसरं आणि औषधं देणारे तिसरंच, अशी तक्रार वर गेली. तेव्हा सर्वांना एकत्र प्रशिक्षण देण्याचं ठरलं. प्रशिक्षक मी. विषयाची माहिती बेताचीच होती, पण डॉक्टर असल्याने ती उणीव कोणाच्या लक्षात आली नाही.

पहिला दिवस पुढच्या खुर्च्यांवर कोणी बसायचं यात गेला. दुसऱ्या दिवशी माझा ठराव एकमताने मंजूर झाला: यापुढे डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट आणि समुपदेशक हे चौघे जमल्याशिवाय व्यसनी रुग्णाची विचारपूस करायची नाही. टाळ्या पडल्या. त्यातली सर्वांत मोठी टाळी माझीच होती.

तेवढ्यात शाहिद आला. खराडीतल्या एका कंपनीची बस चालवायचा. सोबत बायको, नाजिमा. सकाळपासून प्यायला नव्हता, हात थरथरत होते. हेमा सिस्टर त्याला बसवायला उठल्या. मी त्यांना ठरावाची आठवण करून दिली. समुपदेशक हिंजवडीला ताणतणावावर व्याख्यान द्यायला गेले होते आणि वाहतुकीत अडकून स्वतःच ताणात होते. मी शाहिदला गुरुवारी यायला सांगितलं.

"साहेब, आज मनात आलंय," तो म्हणाला. "गुरुवारचं माझं मलाच माहीत नाही."

"आमचंही गुरुवारीच जमतंय," मी म्हणालो.

गुरुवारी आम्ही चौघे वेळेवर जमलो. शाहिदही आला, पण झोकांड्या खात. नाजिमाने त्याला धरून आणलं होतं. आम्ही सविस्तर चर्चा केली आणि रुग्णाला सुधारण्याची इच्छाच नाही, असा निष्कर्ष काढला. चार शाखांचं इतकं एकमत आमच्याकडे पूर्वी कधी झालं नव्हतं. प्रशिक्षण यशस्वी झाल्याचं मी वर कळवलं.

"त्या दिवशी इच्छा होती ना, साहेब," नाजिमा म्हणाली. "तेव्हा तुम्ही का नाही विचारलंत?"

मला लाज वाटली, अगदी मनापासून. पण ठरावानुसार एकट्याने काही करायचं नसल्यामुळे लाज वाटून घेण्याचा विषय पुढच्या बैठकीत ठेवला आहे.

तुम्ही आम्हाला हसलात तरी हरकत नाही. फक्त तुमच्या सोसायटीत जिन्याचा कठडा धरून वर जाणारा जो गृहस्थ आहे, ज्याला बघून तुम्ही दार लोटून घेता, त्याची विचारपूस तुम्ही केलीत का, की तुमचेही अजून चौघे जमायचे आहेत?