दहा मिनिटं नुसतं बघा

कलेच्या इतिहासाची पदवी घ्यायला आलेल्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सल्ला द्यायचा, हा मॅडमचा शिरस्ता होता. सल्ल्याखेरीज त्यांच्याकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतंही. विभाग म्हणजे जिन्याच्या टोकाची एक खोली, खोलीत मॅडम आणि मॅडमच्या पाठीमागे एक चित्र. कुणा दानशूर गृहस्थाने चित्र कॉलेजला देताना अट घातली होती, की ते जोवर आहे तोवर हा विषय शिकवायचा आणि ते गेलं की विभाग बंद केला तरी चालेल. प्राचार्यांचा त्या खोलीवर कधीपासून डोळा होता. त्यांना तिथे हॉटेल मॅनेजमेंटचं स्वयंपाकघर काढायचं होतं.

चित्रात एक तळं, काठावर झाड, झाडाखाली बसलेली गाय आणि सगळ्यावर पसरलेली तपकिरी, उदास सांज. या सांजेवर मॅडमनी डॉक्टरेट मिळवली होती. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या गायीच्या डोळ्यांतल्या व्यथेवर होतं. परीक्षकाला ते वाचून रडू आलं होतं म्हणे. कंटाळ्याने आलं असेल, असं प्राचार्य म्हणत, पण ते जाऊ द्या.

"नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "चित्र समोर आलं, की दहा मिनिटं नुसतं बघायचं. तोंड उघडायचं नाही. आधी डोळे, मग जीभ. दुसरं, चित्र राजवाड्यात टांगलंय की न्हाव्याच्या दुकानात, यावरून त्याची लायकी ठरवायची नाही. आणि तिसरं, नोकरीबद्दल मला विचारायचं नाही."

तेवढ्यात खालून प्राचार्यांचा निरोप आला. "मी आलेच. तोवर सराव करा. जे समोर घडेल ते दहा मिनिटं नुसतं बघा," असं सांगून मॅडम गेल्या.

त्या गेल्या आणि दोन माणसं आत आली. एक उंच, एक रुंद. उंच माणूस बिनदिक्कत मॅडमच्या खुर्चीवर चढला, रुंद माणसाने खालून हात दिला आणि दोघांनी मिळून चित्र उतरवलं. वर्ग टक लावून बघत होता. चित्र बाकात अडकलं तेव्हा मागच्या दोघांनी बाक सरकवला, कारण बाकामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं.

"गुणी पोरं आहेत हो," रुंद माणूस दारातून बाहेर पडता पडता म्हणाला.

मॅडम परत आल्या त्या आधीच तणतणत. प्राचार्यांनी त्यांना व्हरांड्यात उभं करून सुनावलं होतं, की यंदा काहीतरी निमित्त मिळू दे, विभागाला टाळंच लावतो. खोलीत पाऊल टाकलं तर भिंतीवर नुसता खिळा.

"चित्र कुठंय?"

सगळा वर्ग आता खिळ्याकडे टक लावून बघत होता.

"अरे, मी विचारतेय काहीतरी! दातखीळ बसली का सगळ्यांची?"

पहिल्या बाकावर जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिला सकाळपासूनच सगळे चष्मिस म्हणू लागले होते. तिने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "मॅडम, अजून काही मिनिटं बाकी आहेत."

"खड्ड्यात गेली मिनिटं! बोल!"

"दोन माणसं आली आणि घेऊन गेली."

"आणि तुम्ही अडवलं नाहीत?"

"अडवायचं म्हणजे ते चोर आहेत, असं मत बनवावं लागलं असतं," चष्मिस म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, आधी नुसतं बघा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांना खरोखरच रडू फुटलं, कारण चित्र गेलं म्हणजे विभाग गेला, आणि या वयात दुसरीकडे कोण त्यांना सांज शिकवायला बोलावणार होतं?

पोलीस आले. जबाब घ्यायला सगळा वर्ग प्राचार्यांच्या केबिनमध्ये उतरला. केबिन नुकतीच रंगवून झाली होती, खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि प्राचार्य दुःखी दिसण्याची पराकाष्ठा करत होते.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "आता विभागाचं काय करायचं ते बघावंच लागेल. मॅडम शिकवणार तरी काय? खिळा?"

इन्स्पेक्टरने पेन उघडलं. "चोर दिसायला कसे होते?"

"एक उभ्या मांडणीचा होता, एक आडव्या," एक मुलगा म्हणाला.

"कपड्यांचा रंग?"

"खिडकीपाशी की दारापाशी? रंग उजेडावर असतो, साहेब."

"अरे बाबा, चेहरा कसा होता?"

"चेहरा दुय्यम वाटला. सगळा तोल खांद्यांवर होता."

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "मॅडम, यांना तुम्ही काय शिकवता?"

"बघायला शिकवतात!" प्राचार्य खदखदून हसले. "डोळ्यांदेखत चोरी होते आणि ही मंडळी बघत बसतात. हा विषय शिकून माणूस कामातून जातो, दुसरं काय!"

आता मात्र मॅडमचं डोकं सणकलं. "सर, दुसऱ्याच्या डोळ्यांना नावं ठेवण्याआधी तुमच्या खुर्चीमागे बघा जरा. तो निळाभडक तलाव, ते पोपटी झाड! इतकं कॅलेंडरछाप चित्र जो माणूस डोक्यावर टांगून घेतो, त्याने आम्हाला शिकवू नये!"

प्राचार्यांनी मागे वळून पाहिलं. तिथे चित्र आहे हेच त्यांना आत्ता कळत होतं. "ती माझी आवड नाही हो. भिंतीला ओल आली होती, ती झाकायला काहीतरी लाव, असं रंगाऱ्याला सांगितलं होतं."

सगळा वर्ग केबिनमध्ये आल्यापासून त्याच भिंतीकडे डोळे लावून उभा होता.

"ए पोरांनो, तिकडे काय बघताय?" इन्स्पेक्टर खेकसला. "चोरीचं बोला!"

चष्मिसने घड्याळ पाहिलं. "झाली दहा मिनिटं. मॅडम, आता बोलू?"

"बोल गं बाई!"

"हेच आपलं चित्र आहे. फ्रेमचा डावा कोपरा उडालाय तोच, आणि झाडाची फांदी पाण्याकडे वाकलीये तीच."

"शक्यच नाही!" मॅडम ओरडल्या. "यात सांज कुठंय?"

रंगाऱ्याला हाक मारली. तो आत आला तर तोच रुंद माणूस. "सांज कसली बाई? मळ होता नुसता. साबणाच्या पाण्यानं पुसून काढलं. बादली अशी काळी झाली की काही विचारू नका!"

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. त्यांची डॉक्टरेट मोरीतून वाहून गेली होती.

इन्स्पेक्टर मिशीत हसला. "मग प्राचार्यसाहेब, चोरीचा माल कुणाच्या केबिनमध्ये सापडला, असं लिहू?"

प्राचार्यांचा चेहरा पडला. "अहो, असं काय करता! गैरसमज झाला. मॅडम, तक्रार मागे घ्या ना."

मॅडमनी डोळे पुसले. "खोली?"

"तुमचीच."

"आणि स्वयंपाकघर?"

"गच्चीवर काढू. आता झालं ना?"

"मॅडम," चष्मिसला आता बोलायची चटक लागली होती. "सावली अगदी झाडाच्या बुंध्याशी आहे. म्हणजे ही भर दुपार आहे ना?"

प्राचार्यांनी कान टवकारले. "दुपार? मग मॅडम, तुमचा तो प्रबंध..."

"चित्राची जागा बदलली की घड्याळ पहिल्यापासून लावायचं!" मॅडम कडाडल्या. "दहा मिनिटं नुसतं बघा. कुणी अवाक्षर काढायचं नाही. सर, तुम्हीसुद्धा!"

इन्स्पेक्टरचं पेन अजून उघडंच होतं. प्राचार्य मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रंगारीही राहिला.

मॅडमही बघू लागल्या. आजवर चित्राकडे पाठ करून शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. बघता बघता त्यांची नजर झाडाखाली गेली, आणि तिथेच खिळली. जिच्या डोळ्यांत त्यांना जगाची व्यथा दिसली होती ती गाय म्हणजे एक खडक होता, आणि त्यावर कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं.

मॅडमनी हळूच चष्मिसकडे पाहिलं. चष्मिसही त्या धुण्याकडेच बघत होती, आणि मधूनमधून घड्याळाकडे.