डेअरीतला कर्नल

आमच्या वारूळवाडीच्या दूध डेअरीत २००५ साली कॉम्प्युटर आला, तेव्हा मी, म्हणजे डेअरीचा सेक्रेटरी, छाती फुगवून सांगितलं, "काळजी नको! ह्यातलं मला लई कळतं!" नारायणगावात कोर्स केला होता ना!

पण हा गडी मधेच गोठायचा. बंद करून चालू केला की पुन्हा गरीब गाय! प्रोग्रॅम बसवणाऱ्या पुण्याच्या वृषाली मॅडम म्हणाल्या, "आता अडकला की बंद करू नका! चालू मशीनमध्येच कर्नलचा, म्हणजे मशीनच्या गाभ्यातल्या मुख्य प्रोग्रॅमचा, स्टॅक ट्रेस घ्यायचाय. कुठलं काम आत कुठं अडकलंय, ते पडद्यावर ओळीनं दिसेल. बंद केलंत की पुरावा गेला!"

"एवढंच ना!" मी म्हणालो.

आणि एका सकाळी तो अडकला. बाहेर कॅन घेऊन ही रांग! ऊन चढलेलं, दूध नासायची भीती. फोन खिडकीशी, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. म्हणून मॅडमना फोन लावला आणि रांगेतल्या भिमाजीअण्णांच्या हातात रिसीव्हर दिला.

अण्णा ओरडले, "मॅडम म्हणत्यात, कर्नलसाठी त्या दाखवलेल्या दोन कळा धरून टी दाबा!"

दाबला. इंग्रजी ओळी भसाभसा वाहू लागल्या, जशी पाण्याच्या मोटारीची पाईप निसटली! मी ओरडून वाचलं, "शेड्यूल टाइमआउट!"

अण्णा फोनवर, "मॅडम, शेवंता टाइमौट!"

"आता ही शेवंता कोण?" रांगेतून आवाज.

"कर्नलसाहेबांची मंडळी आसंल!"

मॅडमना काही अर्थ लागेना. अण्णा म्हणाले, "परत दाबा म्हणत्यात!"

"काय दाबू?"

अण्णांनी दुसऱ्या कानात बोट घातलं, नीट ऐकलं आणि गरजले, "बी! टोमॅटोचं बी!"

मॅडम 'टोमॅटोचा टी' म्हणाल्या होत्या, हे मला काय माहीत? मी बी दाबला. पडदा काळा! त्या दोन कळा धरून बी दाबला की मशीन तडक रीस्टार्ट होतं, हे मागाहून कळलं.

थोड्या वेळानं कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला दुधाचा काटा चालू. रांगेत टाळ्या! मी फोनकडे धावलो. "मॅडम... चालू झालं."

"आणि ट्रेस?"

"गेला."

"अहो, किती दिवस ह्याची वाट बघत होते मी!" त्यांचा आवाज अगदी रडवेला.

अण्णांनी रिसीव्हर हिसकला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, शिकाल हळूहळू! तुमच्याकडं काय अडलं, तर आमच्या शेक्रेटरीला धाडून देतो!"

मी लगबगीनं दुधाची फॅट तपासायला बसलो. मान खाली घालायला तेवढंच काम हाताशी होतं!