चेरीची बाटली नापास

चाखणेकरांनी त्या रविवारी दुपारी फक्त एकच घोट घ्यायचं ठरवलं होतं. तोही मेहुण्याचं मन राखायला. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे घरातला सर्वांत लाडका माणूस) परदेशवारीहून बेल्जियमची बिअर घेऊन आला होता. चेरी घालून लाकडी पिंपात दोन वर्षं मुरवलेली.

चाखणेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते खरं आडनाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. डेअरीत दुधाचा टँकर आला की ओगराळंभर दूध काढायचं, एक घोट तोंडात घोळवायचा, सिंकमध्ये थुंकायचा आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत एकही आंबूस टँकर त्यांच्या जिभेला चुकवून आत गेला नव्हता. (घरीसुद्धा ते भाजी, चहा, खोकल्याचं औषध, सगळं आधी घोळवत. बायकोने त्यावर बोलणं केव्हाच सोडलं होतं.) हल्ली मात्र मॅनेजरने आंबटपणा मोजणारं यंत्र आणलं होतं. त्या चौकोनी डबड्यापुढे आपल्या जिभेचा मान राखायचा, या एकाच विचाराने चाखणेकरांची झोप उडाली होती.

बूच उडालं. ग्लासात लालसर फेस चढला. चाखणेकरांनी घोट घेतला, घोळवला, मग ते शांतपणे उठून बेसिनपाशी गेले आणि थुंकले.

"नापास."

"भावोजी, अहो ही आंबटच असते!"

"आंबट म्हणजे खराब."

"पण ती मुद्दाम आंबवतात."

"मुद्दाम खराब केली म्हणून चांगली होते का? उद्या मी मुद्दाम शर्ट फाडला, तर त्याला तू नवा म्हणशील?"

"मला तर बाई छान लागली," बायको म्हणाली. तिचा एक डोळा घट्ट मिटला होता आणि बराच वेळ उघडत नव्हता.

"खरं सांगू का भावोजी," मेहुणा म्हणाला, "तुमच्या जिभेला दुधापलीकडचं काही कळत नाही."

हे मात्र वर्मी लागलं. चाखणेकरांनी बाटली उचलली, तिला पुन्हा बूच ठोकलं आणि जाहीर केलं, "उद्या ऑफिसात बसून एकेका घोटाची तपासणी करतो. ही का नापास, ते कारणांसकट लेखी देतो. मग बोल!"

सोमवारी सकाळी सातला ते टेबलाशी बसले. घोट, घोळवणं, थुंकणं, शेरा. (गिळला एक थेंबही नाही. ड्यूटी म्हणजे ड्यूटी.) पहिला शेरा: 'दात शिवशिवतात.' चौथा: 'कान गरम होतात.' अकराव्याला त्यांनी 'तितकी वाईट नाही' असं लिहिलं, दचकून इकडेतिकडे पाहिलं आणि खोडलं. एवढ्यात टँकर आला.

दुधाचा घोट घेताच चाखणेकर सुखावले. इतकं गोड दूध त्यांनी कधी चाखलंच नव्हतं.

"पास!"

"सर," लॅबमधल्या बाई चाचरत म्हणाल्या, "यंत्र तर आंबट दाखवतंय."

"यंत्राला जीभ आहे?"

"नाही, पण..."

"मग त्याने बोलू नये."

"पाण्याने चूळ भरून पुन्हा एकदा चाखता का?"

"बाई, सव्वीस वर्षांत मी दुसरा घोट घेतलेला नाही!" आणि त्यांनी अशी झोकात सही ठोकली की कागद फाटला.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, दूध फाटलं."

"पातेलं नीट घासलेलं नसेल."

"शेजारचंही फाटलंय. समोरच्यांचंही. सगळ्या गल्लीची पातेली मीच घासते का?"

मेहुण्याने वर्तमानपत्र जरा खाली केलं, भावोजींकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. चाखणेकरांना तेच जास्त झोंबलं. बूट घालताना त्यांना खरोखर रडू आलं. सव्वीस वर्षांची जीभ एका बाटलीने फितवली होती.

पण मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरताना त्यांची मान ताठ होती. "माफी मागणार नाही," ते बसायच्या आधीच म्हणाले. "काढून टाकायचं तर टाका. पण त्या डबड्याला माझ्या खुर्चीवर बसवू नका."

मॅनेजर माणूस भला होता. "तुम्हाला दह्याच्या विभागात पाठवतो," तो म्हणाला. "तिथे आंबट असलं की पास. आता तरी चूक व्हायची नाही."

"बढतीच आहे ही!" घरी येऊन चाखणेकरांनी ठणकावून सांगितलं. "दुधापलीकडचं मला किती कळतं, ते आता सगळ्या जगाला दिसेल!" मेहुण्याने उठून हात मिळवला. बायकोने पांढरा कोट कडक इस्त्री करून दिला.

पहिल्या दिवशी दह्याचा सगळा विभाग रांगेत उभा होता. मुकादमाने अदबीने चमचा पुढे केला. चाखणेकरांनी घास घेतला, डोळे मिटून घोळवला, सिंकमध्ये थुंकला आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडला,

"आंबट आहे! सगळं परत पाठवा!"