लिंबाजीअण्णांची जपानी न्याहारी

सकाळी उठून माणसं चहा टाकतात, लिंबाजीअण्णा हाडं उकळायला टाकतात. आमच्या पडेगावच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्याच आठवड्यात मला दबक्या आवाजात विचारतं, "शेजारी करतात काय हो?" मी सांगतो, "घाबरू नका, न्याहारी चाललीय."

अण्णा मूळचे देवगाव रंगारीचे, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीनं त्यांना एका हिवाळ्यात जपानला, किताकाता नावाच्या गावी, मशीन शिकायला धाडलं. मशीनही शिकले असतील, पण घेऊन आले ते रामेन. त्या गावात म्हणे लोक भल्या सकाळी रामेन खातात. रात्रपाळी सुटलेला कामगार आणि शेतावर निघालेला शेतकरी एकाच बाकावर. सोया सॉसचा पातळ रस्सा आणि त्यात जाड, चपट्या, वळ्यावळ्यांच्या शेवया.

"शेवया नाय म्हणायचं," अण्णा मला बजावत. "शेवया लग्नात असत्यात. हे रामेन हाय."

तिकडं रस्सा डुकराच्या हाडांचा. इथं अण्णांनी बकऱ्याच्या नळ्या आणि मूठभर सुकट यांवर भागवलं. पिठात चिमूटभर पापडखार, म्हणजे शेवया (चुकलो, रामेन) पिवळसर आणि चिवट होतं. लाटून, कापून झालं की तो गुंता दोन्ही हातांनी चुरगाळायचा. बघणाऱ्याला वाटावं, माणूस रागारागानं धुणं पिळतोय. एकदा मदतीच्या उत्साहात मी चिमटीऐवजी अख्खी मूठ टाकली. त्या दिवशी आम्ही दोघांनी साबण खाल्ला. अण्णा एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमी आपलं खायचं काम करा."

खायचेही कायदे होते. वाडगं समोर आलं की गप्पा बंद. फुंकर मारायची नाही. "फुर्रर्र करून वढा! रेंगाळलं की फुगतंय." मी ओढायचो. निम्मा रस्सा तोंडात, उरलेला शर्टावर.

अण्णांच्या पत्नी मालनकाकू वारल्या आणि अण्णांकडं खायला मी एकटाच उरलो. पुण्याहून मुलगा, संतोष, मागं लागला : घर विकून टाका, इकडं या. "एका माणसापायी एवढा खटाटोप. खातंय कोण, अण्णा?" ते अण्णांना लागलं. त्यांनी साऱ्या गल्लीला रविवारच्या न्याहारीचं आवतण दिलं आणि संतोषला सांगितलं, "लोकं जेवली तर ऱ्हाईन. नाय तर घराला गिऱ्हाईक बघ. नऊला फोन कर."

रविवारी गल्ली आली. अण्णांच्या शब्दाखातर आली. बऱ्याच जणांनी घरून पोहे खाऊन ठेवले असावेत, असं चेहऱ्यांवरून दिसत होतं. वाफाळती वाडगी समोर आली आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. या विद्येतला गल्लीतला जाणकार मीच.

"गुरुजी, इसको खाते कैसे?" नजमाभाभींनी विचारलं.

एवढे डोळे आपल्यावर रोखलेले पाहून मी शिकलेलं सगळं विसरलो. बायकोनं, मी उपाशी राहीन या काळजीनं, पिशवीत भाकऱ्या दिल्या होत्या. समोर रस्सा आणि हाताशी ज्वारीची भाकरी आली, की आमच्याकडच्या माणसाला अक्कल राहत नाही. मी भाकरी काढली, रामेनमध्ये कुस्करली आणि पाची बोटांनी कालवली.

"अस्सं व्हय! मंग आधी सांगायचं की!" गल्लीचा जीव भांड्यात पडला. माझ्या भाकऱ्या संपल्या, तशी पोरंसोरं घरोघर पळाली. कुणी कांदा फोडला, कुणी तिखट आणलं. किताकाताचा काला झाला.

अण्णा डाव हातात धरून बघत उभे होते. मग डाव ठेवला आणि आत गेले. नऊ वाजत आले होते. एका भाकरीपायी मी शेजाऱ्याचं घर विकायला काढलं, या विचारानं मी माझं कालवलेलं वाडगं हळूच पाठीमागं सरकवलं.

अण्णा बाहेर आले ते स्वतःचं वाडगं घेऊन. माझ्या शेजारी मांडी घालून बसले.

"पहिल्या सकाळी मी बी असंच केलतं तिथं," ते हळूच म्हणाले. "भात मागून घेतला, रामेनात कालवला. हातानं. समदं दुकान बघाया लागलं. लई लाज वाटली, गुरुजी. वाटलं, आजच परत जावं. तर दुकानवाली म्हातारी आली, माझ्यासमोर बसली आन् तिनं बी भात कालवला. हातानंच. भाषा ना तिला माझी, ना मला तिची." त्यांनी वाडगं जवळ ओढलं. "तिच्यामुळं टिकलो त्या गावात."

मग आवाज चढवून म्हणाले, "भाभी, भाकर हाय का उरलेली?"

नजमाभाभींनी आपल्यातली अर्धी दिली. अण्णांनी ती मन लावून कुस्करली. तेवढ्यात फोन वाजला. त्यांचा हात मनगटापर्यंत भरलेला. त्यांनी हनुवटीनं मला खूण केली.

"गुरुजी, अण्णा कुठायत?" संतोषनं विचारलं. "मग, काय ठरलं?"

मी अण्णांकडं पाहिलं. ते पलीकडच्या पाटलांना ओरडून सांगत होते, "अवो, आधी रस्सा घ्या, मंग कुस्करा!"

"पंगतीत बसलेत," मी म्हणालो. "तू असं कर, सुट्टी काढून तूच ये."