चौथा चौकोन

चूक माझीच. बायकोला न विचारता मी तिचा डब्यांचा धंदा उमरेडकरकाकांच्या हाती तपासायला दिला.

काका म्हणजे आमच्या जुनवानी वस्तीतले शेजारी. सारी नोकरी कारखान्याच्या प्लॅनिंगमध्ये गेली. आता कुठलाही धंदा दिसला, की ते कागदावर चार चौकोन आखतात: ताकद, कमजोरी, संधी, धोका. चौकातल्या गुपचुपवाल्यालाही, म्हणजे पाणीपुरीवाल्यालाही, सोडलं नाही. त्याच्या कमजोरीत लिहिलं, 'गिऱ्हाईक उभं राहून थकते.' तेव्हापासून तो काका दिसले की मुकाट्यानं स्टूल पुढे करतो.

सुनंदाच्या मनात होतं, घरचे डबे बंद करून दुर्गला कोर्टाजवळ खाणावळ टाकावी. महिनाभर तिचं ठरत नव्हतं. म्हणून मी काकांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ते पिवळं हेल्मेट घालून थेट स्वयंपाकघरात.

"काका, हेल्मेट कावून?" मी विचारलं.

"आग तिथं हेल्मेट. पोरी, गॅसपासून दरवाजा किती पावलं?"

सुनंदानं माझ्याकडे जे पाहिलं, त्यानं मी दोन पावलं मागे सरलो. काका गडबडीत हेल्मेट ओट्यावरच विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. मी ऐटीत मोठ्यानं वाचायला घेतला. ताकद: वरणाची चव. कमजोरी: नवरा.

मी परत वाचलं. नवराच होता.

"मी काय केलं?"

"डबा पोचवाले जाता अन् गप्पा हाणत बसता. तिकडे मरोदा वस्तीतला डबा थंड पोचून राहिला. तपासणीत मी शेजार पाहत नसतो."

तीन दिवसांत सुनंदा पहिल्यांदा हसली. मी घाईनं पुढे गेलो. संधी: कोर्टात आलेला माणूस दिवसभर अडकते. धोका: 'जुनं गिऱ्हाईक, एक. दोन पोळ्या, वरण. दुसऱ्या हातचं जमत नाही. हा धोका पत्करावा. दुर्गला जावं.'

मी कागद खाली केला. दोन पोळ्यांचा डबा आमच्याकडून एकाच घरी जातो. काकू गेल्यापासून, शेजारच्या घरी.

काकांनी ओट्यावरचं हेल्मेट उचलून डोक्यावर चढवलं. पट्टा बराच वेळ लागेना.

"जागा चांगली आहे, पोरी. करून टाक," म्हणाले आणि निघाले.

सुनंदानं कागदाची घडी घालून डब्यांच्या फळीवर ठेवली.

"दुर्गला जाऊ," ती म्हणाली. "पण काकांचा डबा मी करूनच निघीन. तो पोचवायचा तुम्ही. अन् तिथं कितीही वेळ बसा."