उंबरठ्यावरील बोलत्या पहाऱ्याची बखर

गणेशपट्टीवरील श्रीगजानन, जे आत येणारासही पाहतात आणि बाहेर निघणारासही पाहतात, त्यांस वंदन करून हे लिहिले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी एका राज्यात काय वर्तले त्याची ही हकीकत. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिणार कोण तेही पुसू नये, कारण धनी संशयी आहेत आणि अक्षर ओळखतात.

राज्य थोरले नव्हे. एक बैठे घर, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी, भोवती कुंपण आणि कुंपणास फाटक, इतकाच मुलूख. तेथील अधिपती श्रीमंत अच्युतराव यांनी अवघी हयात सरकारी गोदामे तपासण्यात घालविली होती, आणि पोते दिसले की आधी उलटून तळ पाहावा ही विद्या अंगी ऐसी मुरली की निवृत्त जाहल्यावरही भाजीवाल्याची पाटी, दूधवाल्याचे माप, पाहुण्याची पिशवी, सर्वांवर तीच नजर फिरे. त्यांच्या राणीसाहेब कुमुदबाई, स्वभावे मायाळू, परंतु पतीच्या संशयापुढे हात टेकलेल्या. युवराज परमुलखी चाकरीस. आणि राज्याचा तिसरा खांब म्हणावी ती तानूबाई, मागल्या आळीत राहणार, सकाळी येऊन धुणेभांडी, केरवारा करणार. युवराज तिच्या कडेवर वाढले, श्रीमंतांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जाहली तेव्हा त्यांस धरून व्हरांड्यात चालविणारीही तीच. घराची एक किल्ली तिच्या पदराच्या गाठीस कित्येक वर्षे बांधलेली होती आणि ती किल्ली तेथे आहे हे सर्व विसरूनही गेले होते. विश्वास म्हणतात तो हाच असावा.

मग ऐसे जाहले की शेजारचे बिवलकर सहकुटुंब लग्नास गेले असता त्यांचे घर फुटले. चोरांनी कुकर नेला, पितळी समई नेली, ओट्यावरचे लाडू खाल्ले आणि डब्यास झाकण घट्ट लावून निघून गेले. हे वर्तमान कळताच श्रीमंतांच्या मनात पाल चुकचुकली. म्हणाले, "झाकण लावलं? मग हा माहितगार माणूस. बाहेरचा चोर झाकण लावत नाही." आणि त्याच दिवशी मसलत होऊन ठरले की घरास पहाऱ्याचे यंत्र बसवावे.

यंत्र बसविणारा फैयाज नामे कारागीर शिडी घेऊन दाखल जाहला आणि दारेखिडक्यांस चुंबके लाविली, आणि दिवाणखान्याचे कोपऱ्यात हलणारे माणूस टिपणारा डोळा बसविला, आणि माळ्यावर भोंगा ठेविला, आणि मुख्य डबी दरवाजाचे आतील अंगी, गणेशपट्टीचे अगदी शेजारी, खिळ्याने ठोकिली. डबीस एक दिवा. पहारा जागा असता तांबडा, निजला असता हिरवा. फैयाज म्हणाला, "साहेब, हे मराठी समजतं. निघताना बटण दाबा, नाहीतर तोंडानं नुसतं 'जातो' म्हणा. पहारा सुरू. बाहेर पडायला जरा वेळ देतं ते. परत आलात की येण्याचं काहीही बोला, बंद होतं."

श्रीमंत पुसते जाहले, "म्हणजे कुणीही येऊन 'आलो' म्हटलं की बंद?"

"नाही हो साहेब. ज्यांचे आवाज शिकवू त्यांचंच ऐकतं."

मग श्रीमंतांनी आपला आवाज शिकविला, आणि बाईसाहेबांनी शिकविला, आणि बाईसाहेबांच्या आग्रहावरून तानूबाईस स्वयंपाकघरातून बोलाविले. ती ओले हात पदरास पुसत डबीसमोर उभी राहिली आणि फोटो काढवितात तैसे ताठ होऊन "जाते, येते, आले" ऐसे बोलली. श्रीमंतांच्या कपाळी आठी पडली, परंतु बाईसाहेब म्हणाल्या, "किल्ली आहे तिच्याकडे. उगाच भोंगा वाजला तर घाबरेल बिचारी." जाण्याचा शब्द मात्र बाईसाहेबांस मुळीच रुचला नाही. "उंबऱ्यावर उभं राहून 'जातो' म्हणायचं? काहीतरीच! आपण बटणच दाबू." ते मान्य जाहले. शेवटी श्रीमंतांनी आपल्या अकलेची एक भर घातली. पहारा सुरू होताना डबीने बाईच्या आवाजात "पहारा सुरू" ऐसे खुशाल पुकारावे, परंतु निजताना अवाक्षर काढू नये. कोणी फाटकापाशी कान देऊन बसला असेल तर पहारा निजल्याचे त्यास कळेल. फैयाजने मान हलविली आणि निजतानाचा आवाज बंद करून दिला. ही भर पुढे श्रीमंतांसच कशी बाधली ते येईलच.

यंत्राची निगा श्रीमंत स्वतः राखीत. दर सोमवारी मऊ फडक्याने डोळा पुसीत, चुंबकांवरील कोळिष्टके काढीत, बॅटरी तपाशीत आणि भोंग्याची चाचणी घेत. तेणेकरून बिवलकरांची दुपारची झोप मोडे आणि ते कुंपणावरून डोकावून म्हणत, "अच्युतराव, चोर परवडला हो."

पहिले संध्याकाळी उभयता फिरावयास निघाली. श्रीमंतांनी बटण दाबिले, डबी बोलली, दिवा तांबडा जाहला. मग इतके वर्षांचे रिवाजाप्रमाणे दोघांनी उंबऱ्यावर थांबून, गणेशपट्टीस हात लावून, "येतो रे बाबा, लक्ष असू दे" ऐसे म्हटले, दार ओढिले, कुलूप तीनदा ओढून पाहिले आणि गेली. परतून दार उघडितात तो दिवा हिरवा. कोणी अक्षर बोलले नसता पहारा निजलेला. श्रीमंत चपलांसह आत शिरले. मग कपाटे उघडिली, डबे पालथे केले, दागिन्यांची पेटी पाहिली, तांदुळात हात घालून पाहिला, सर्व जागचे जागी. बाईसाहेब म्हणाल्या, "काही गेलं नाही ना? मग झालं तर." श्रीमंत दटावून म्हणाले, "हेच तर वाईट. जो काही नेत नाही तो पाहणी करायला येतो."

दुसरे दिवशी तेच. बाईसाहेबांस हळदीकुंकवास पोचवावयास उभयता गेली त्या दिवशीही तेच. तेव्हा श्रीमंतांस अवघे जग फितूर दिसू लागले. दूधवाला हल्ली हसून बोलतो, त्याचे कारण काय? बिवलकर व्हरांड्यात पेपर वाचितात, परंतु पान का उलटीत नाहीत? टपालवाला कडी न वाजविता फाटक कसे उघडितो? फैयाजवरही संशय आला आणि त्यास बोलाविले. त्याने बॅटरी बदलली, तारा हलवून पाहिल्या, डोळा उघडून फुंकर मारिली आणि म्हणाला, "यंत्रात खोट नाही साहेब. या तिघांपैकी कुणीतरी येण्याचं बोललंय, म्हणूनच बंद झालंय." आणि तो शिडी घेऊन गेला.

तिघांपैकी. श्रीमंत आणि बाईसाहेब तर एकत्र बाहेर होती. राहिली कोण? हे गणित श्रीमंतांनी जेवताना मांडिले आणि बाईसाहेबांच्या हातातला घास हातात राहिला. त्या भांडल्या. म्हणाल्या, "तानूला चोर म्हणायचं असेल तर आधी मला म्हणा." श्रीमंत म्हणाले, "मी चोर म्हणत नाही. मी फक्त कोण उरतं ते सांगतो." मग त्यांनी सापळा लाविला. निघताना उंबऱ्याचे आत बारीक रांगोळी पसरली आणि कपाळ जमिनीस टेकवून पाहिली की सपाट आहे. निघताना गणेशपट्टीस हात, "येतो", कुलूप. परतून पाहतात तो दिवा हिरवा आणि रांगोळीवर पाऊल नाही, मुंगीचेही नाही. कोणी शहाणा माणूस येथे थांबता आणि म्हणता की आत कोणी आलेच नाही. श्रीमंत म्हणाले, "बघितलंस? ओलांडून गेली. रांगोळी ठेवलीय हे तिला बरोबर कळलं." बाईसाहेबांनी रांगोळीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि या वेळी काही बोलल्या नाहीत. बाईसाहेब गप्प राहिल्या हे या हकीकतीतले सर्वांत वाईट होय. संशयी माणूस संशय घेतो हे नवल नव्हे, परंतु मायेचे माणूस एक क्षण गप्प बसते तेव्हा घर खरोखर फुटते.

दुसरे दिवशी सकाळी तानूबाई आली, तो श्रीमंत खुर्ची ओढून दिवाणखान्यात बसलेले, समोर बाईसाहेब मान खाली घालून. श्रीमंतांनी पुसले, "तानूबाई, संध्याकाळी आम्ही नसताना तू घरात येतेस?"

"मी कशाला येईन वो साहेब? संध्याकाळी माझ्या घरी चूल न्हाई का?"

"यंत्र सांगतंय. तुझ्या आवाजाशिवाय ते बंद होत नाही."

तानूबाईने डबीकडे पाहिले. मग बाईसाहेबांकडे वळून म्हणाली, "वहिनी, तुमाला बी तसंच वाटतंय?"

बाईसाहेब बोलल्या, "तसं नाही गं तानू, पण मग दिवा..."

तानूबाई हसली नाही, रडली नाही. पदराची गाठ सोडावयास तिला वेळ लागला, कारण ती गाठ कित्येक वर्षे सुटली नव्हती. मग दातांनी सोडविली, किल्ली काढिली आणि गणेशपट्टीखालच्या खिळ्यास अडकविली. चपला पायांत घातल्या. रोज काम आटोपून निघताना ती याच उंबऱ्यावरून आत तोंड करून "येते वो वहिनी" ऐसे म्हणत असे, उन्हातान्हात, सणासुदीस, एकदा म्हणून चुकली नव्हती. आज तिने आत पाहिले नाही. म्हणाली, "जाते."

आणि डबी बाईच्या आवाजात बोलली, "पहारा सुरू." दिवा तांबडा जाहला.

बटणास कोणी हात लाविला नव्हता. दिवाणखान्यातून दोघांनी डबीकडे पाहिले. बाईसाहेबांचे ओठ हलले, "जाते म्हटलं तर जागा होतो." मग थोडे थांबून, "आणि आपण निघताना काय म्हणतो?" आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकिले. आपणच बटण दाबावे आणि आपणच गणरायास "येतो" म्हणावे, आणि शेजारी ठोकिलेल्या यंत्रास वाटावे की धनी आले; आणि श्रीमंतांच्याच हुकमाने निजताना ते मुके, म्हणून उभयतांस पत्ताही लागू नये. परमुलखीच्या यंत्रास काय ठाऊक की या मुलखात माणूस जाताना "येतो" म्हणतो? श्रीमंतांच्या ध्यानी आले तैसे ते खुर्चीवरून ताडकन उठले आणि तानूबाईमागे धावले. तोवर दिलेली सवड सरली होती. कोपऱ्यातील डोळ्याने पळणारा मनुष्य पाहिला आणि माळ्यावरील भोंगा ऐसा कोकलला की झाडावरले कावळे उडाले.

मग शेजारपाजार लोटला. बिवलकर काठी घेऊन धावले आणि व्हरांड्यात धापा टाकीत उभ्या श्रीमंतांसमोर काठी उगारून थांबले. श्रीमंत आत जाऊन डबीवर ओरडले, "गप्प! बंद! बस!" आणि भलते सर्व शब्द बोलले, जो एक बोलावयाचा तो आठवेना. बाईसाहेब हुंदके देत होत्या, त्यांचा आवाज यंत्राने ओळखिला नाही. तेव्हा फाटकाशी पोचलेली तानूबाई मागे वळली, पायरीपर्यंत आली, उंबरा न ओलांडिता डबीस म्हणाली, "आले." भोंगा बंद पडला.

सर्वांसमक्ष श्रीमंत म्हणाले, "तानूबाई, यंत्राची चूक झाली."

"यंत्रानं कुठं म्हटलं मी चोर हाय?" तानूबाई म्हणाली. "त्यानं नुसता दिवा लावला. म्हटलं तुम्ही." आणि वळून, "बरं, जाते मी."

"पहारा सुरू," डबी म्हणाली.

"जाते म्हणू नकोस गं तानू!" बाईसाहेब ओरडल्या, आणि ते भोंग्याच्या भयाने की दुसऱ्या कशाने हे जमलेल्या बायकांस सांगावे लागले नाही. डोळ्यास दिसू नये म्हणून सर्व जागचे जागी थिजले. तानूबाई पायरीवर थांबली. मग सवयीने की मनाने, देव जाणे, परंतु आत पाहून म्हणाली, "बरं वहिनी. येते." दिवा हिरवा जाहला आणि ती निघून गेली.

ती रात्र उभयतांनी कशी काढिली ते लिहिण्यात सार नाही. सकाळी दारावरची बेल वाजली. या घरची बेल पाहुणे वाजवीत, तानूबाईने कधी वाजविली नव्हती. श्रीमंतांनी स्वतः दार उघडिले. ती बाहेर उभी होती, उंबऱ्यापासून हातभर मागे, पाहुणी उभी राहते तैसी. श्रीमंतांनी खिळ्यावरची किल्ली काढून दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाले, "चूक माझी होती, तानूबाई. ही घे."

तानूबाईने किल्लीकडे पाहिले. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. बेल हाय की." आणि आत जाऊन भांडी घासावयास बसली.

येणेप्रमाणे वर्तले. सारांश, यंत्र आजही उत्तम चालते, दर सोमवारी डोळा पुसला जातो, बॅटरी वेळेवर बदलली जाते, आणि उभयता आता मुकाट्याने बाहेर पडून, फाटकाबाहेर जाऊन, मग गणरायास "येतो" म्हणतात. त्या राज्यात चोर कधी आला नाही. किल्ली खिळ्यावर लोंबते आहे. रोज सकाळी बेल वाजते, आणि श्रीमंत अच्युतराव आपल्या दुखऱ्या गुडघ्याने उठून दार उघडावयास जातात. शाई येथे सरली.